फिरत्या बिऱ्हाडाचे हवामान



पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून काही जणांच्या मनात आले असेल की, संघटनेचा माणूस मजुरी, उचल आणि मुकादम सोडून पाऊसपाण्याच्या गोष्टी सांगायला कसा उभा राहिला? मी आज पाऊसपाण्यावरच बोलणार आहे. पण मजुरी, उचल आणि मुकादम त्यातून सुटणार नाहीत, एवढे आधीच सांगून ठेवतो.

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले तेही १८७५ सालीच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरीसुद्धा मला त्या एका रांगेत बसवाव्याशा वाटतात. कपाटात बंद असलेले ज्ञान चारचौघांत आणावे, हा व्याख्यानमालेचा हेतू. आभाळाकडे पाहून नुसते अंदाज बांधण्यापेक्षा मोजावे आणि लिहून ठेवावे, हा हवामान खात्याचा हेतू. ही मोजण्याची विद्या आपल्या भागातील कष्टकऱ्याच्या हाती कशी द्यावी, एवढाच माझा आजचा विषय आहे.

युरोप-अमेरिकेत मोटारघर नावाचा एक प्रकार आहे. गाडीतच झोपायची जागा, गाडीतच स्वयंपाक. सुट्टी घेतलेली किंवा पेन्शनीत निघालेली माणसे असे घर चाकांवर घेऊन महिनोन् महिने हिंडतात. या मंडळींना हवामानाची यंत्रे गाडीला बसवण्याची मोठी हौस. कोणते यंत्र घ्यावे, टपावर लावावे की खांबावर, यावर ते तासन् तास चर्चा करतात. त्यांच्या हौसेला मी नावे ठेवत नाही. पण हे वाचताना माझ्या मनात आले की, चाकांवरची बिऱ्हाडे आपल्या नेकनूरच्या रस्त्यावरूनही दर वर्षी जातातच की! दसरा-दिवाळी उलटली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, चटया, भांडीकुंडी, शेळी, कोंबडी आणि कडेवरची लेकरे घेऊन टोळ्या निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात. पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे ती ट्रॉली आणि उसाच्या फडाजवळची कोपी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसे यांचे बिऱ्हाड ट्रॉलीवर. हौशी माणसाला ऊन फार झाले तर तो गाडी दुसरीकडे नेतो. ऊसतोड कामगाराला ऊन फार झाले तरी फड सोडता येत नाही. मग यंत्राची खरी गरज कोणाला?

आता गावात राहणाऱ्या माणसाची स्थिती पाहा. २०१७ साली सुरू झालेल्या महावेध प्रकल्पात महाराष्ट्रातील महसूल मंडळांसाठी २०६५ स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची नोंद ही केंद्रे ठेवतात. नेकनूर हेही महसूल मंडळच. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी धरतात, आणि पुढचे पंचनामे, भरपाई त्या आकड्यावर चालतात. म्हणून आपला शेतकरी आज मिलिमीटरसाठी भांडायला शिकला आहे. यंत्र एका गावाला, ढगफुटी दुसऱ्या गावाला, अशी तक्रार तो तहसीलदारापुढे मांडतो. ही तक्रार मला शुभ वाटते, कारण आकड्याचे मोल कळल्यावाचून माणूस आकड्यासाठी भांडत नाही.

परंतु याच गावचा माणूस कोयता घेऊन बाहेर पडला की त्याच्या डोक्यावरचे आभाळ कोणत्याही हिशेबात राहत नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मजुरी टनावर. पावसाने फड भिजला, गाडी रुतली, की त्या दिवशी तोड नाही आणि तोड नाही तर पैसा नाही. उचल मात्र अंगावर तशीच. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात गारपीट झाली ती आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. ज्वारी, गहू, द्राक्षे यांचे पंचनामे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण पाचटाच्या कोपीवर जो पाऊस पडतो, जी गार पडते, तिचा पंचनामा कोणत्या कागदावर होतो?

यावर उपाय म्हणून मी म्हणतो, दहा-पंधरा कोयत्यांच्या टोळीमागे हवामान मोजण्याचा एक साधा संच असावा. तो कसा निवडावा आणि कसा बसवावा, ते आता क्रमाने सांगतो.

पहिला नियम असा की, यंत्र घेण्यापूर्वी आपल्याला ठरवायचे काय आहे ते पाहावे. टोळीला चार गोष्टी ठरवायच्या असतात. दुपारी काम कधी थांबवायचे? पहाटेच्या थंडीत लेकरांना कोपीत कसे राखायचे? पावसाने बुडालेला दिवस पुराव्यासह कसा मांडायचा? वारा सुटल्यावर चूल कधी विझवायची? पाचटाच्या कोपीत उडालेली एक ठिणगी काय करते, हे इथे बसलेल्या पुष्कळ मायबहिणी माझ्यापेक्षा चांगले सांगतील. या चार प्रश्नांना उपयोगी पडेल तेवढेच यंत्र घ्यावे. बाकीची चकचकीत पाटी दुकानात राहू द्यावी.

त्या चकचकीत पाटीविषयी थोडे सांगतो, कारण गिऱ्हाईक फसते ते तिथेच. घरगुती यंत्राच्या पडद्यावर सूर्य, ढग किंवा पावसाचे थेंब असे चित्र दिसते आणि दुकानदार सांगतो, ‘‘हे उद्याचा पाऊस सांगते.’’ साध्या यंत्रातले हे चित्र बहुधा हवेच्या दाबावरून निघते. दाब उतरला की ढग दाखवायचा, चढला की सूर्य. थंड प्रदेशात हा ठोकताळा बराच चालतो. आपल्याकडे मात्र आभाळ निरभ्र असतानाही दाब रोज भरती-ओहोटीसारखा वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलने उतरलेला असतो. हेक्टोपास्कल म्हणजे जुने लोक ज्याला मिलिबार म्हणत तेच. हा रोजचा उतार पाहून बिचारे यंत्र चांगल्या उन्हाच्या दिवशीही ढग काढून दाखवू शकते.

फिरत्या बिऱ्हाडाला तर यात आणखी एक पेच आहे. उंचावर गेले की दाब कमी होतो. आपल्या पठारासारख्या उंचीवर शंभर मीटर चढले की दाब सुमारे अकरा हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढणाऱ्या ट्रॉलीतले यंत्र वादळ आले असे समजेल, आणि घाट उतरणाऱ्या ट्रॉलीतले यंत्र आभाळ मोकळे झाले असे समजेल. दाबमापक घ्यायचाच असेल तर मुक्काम बदलला की त्या जागेची उंची यंत्रात नव्याने भरावी, आणि आजच्या सकाळच्या आठची तुलना कालच्या सकाळच्या आठशीच करावी. माझे मत विचाराल तर टोळीने त्या चित्रासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. उद्याचा अंदाज हवामान खाते देते, तो मोबाईलवर पाहावा. आपल्या यंत्राचे काम अंदाज सांगण्याचे नाही. आत्ता, या फडात, या घटकेला काय आहे, ते सांगणे हे त्याचे काम.

आता तापमापक. एक बाहेरचा आणि एक कोपीतला, असे दोन असावेत, आणि ते आर्द्रताही दाखवणारे असावेत. बिनतारी असेल तर पाकिटावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले आहे असे समजावे. मधे पत्रा किंवा ट्रॉलीचे लोखंड आले की ते पुष्कळ घटते. साध्या, तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या सेलवर चालेल असेच घ्यावे. इंटरनेटवाचून ज्याचे पान हलत नाही, ते फडात काय कामाचे?

तापमापक बसवताना एकच गोष्ट ध्यानात धरावी. आपल्याला हवा मोजायची आहे, ट्रॉली नव्हे. लोखंडी फाळक्याला तापमापक बांधला तर तो लोखंडाचा ताप सांगतो. ताडपत्रीखाली टांगला तर कोंडलेल्या हवेचा, आणि उन्हात ठेवला तर स्वतःच्याच अंगाचा. म्हणूनच हवामान खाते पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक ठेवते. तिला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. हा टॉमस स्टीव्हन्सन दीपगृहे बांधणारा स्कॉटिश इंजिनियर होता. पेटी आपल्याला परवडणार नाही, पण तिची युक्ती परवडते. प्लास्टिकच्या सहा-सात पांढऱ्या बशा बोटभर अंतर सोडून एकीखाली एक पालथ्या बसवाव्यात, मधल्या बशांना भोक पाडून तापमापक आत टांगावा. ऊन आत येत नाही, वारा खेळता राहतो. हे सगळे बांबूवर छातीच्या उंचीला, म्हणजे सव्वा ते दीड मीटरवर लावावे. बांबू कोपी, चूल, ट्रॅक्टर आणि पाचटाचा ढीग यांच्यापासून दहा-पंधरा पावले दूर रोवावा.

पाऊस मोजण्यासाठी यंत्रात बहुधा एक हलते भांडे असते. दोन लहान पळ्यांचा तो झोपाळा. एक पळी भरली की कलते, दुसरी पुढे येते, आणि प्रत्येक कलण्याला ठरावीक पाऊस मोजला जातो. घरासाठी हे उत्तम. पण ट्रॉलीवर बसवले तर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते कलते आणि कोरड्या दिवशी पाऊस लिहून मोकळे होते. मुक्कामीसुद्धा ते पातळीत नसेल तर आकडा चुकतो. टोळीला त्याहून साधे साधन पुरते. सरळ उभ्या बाजूंचा, तळ सपाट असलेला डबा घ्यावा. त्यात जितके मिलिमीटर उंच पाणी साठेल तितके मिलिमीटर पाऊस. डब्याचे तोंड जमिनीपासून वीतभर वर आणि पातळीत असावे. जवळची कोपी किंवा झाड जेवढे उंच, त्याच्या निदान दुपटीने डबा दूर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला मोजून डबा रिता करावा, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो. आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडायचा असेल तर वेळ एकच हवी.

मिलिमीटर हा आकडा कागदी वाटतो, म्हणून त्याचे वजन सांगतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चार मीटर बाय पाच मीटरच्या ताडपत्रीवर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला तर पाचशे लिटर पाणी झाले. ते वाहून जायला उतार नसेल, तर अर्धा टन वजन झोपलेल्या लेकरांच्या डोक्यावर तोलून धरलेले असते. आकडा समजला की बांबूचा उतार कसा बांधावा हेही समजते.

वाऱ्याचे यंत्र म्हणजे फिरत्या वाट्या. ट्रॉली चालू असताना त्या वाऱ्याबरोबर ट्रॉलीचाही वेग मोजतात. म्हणून प्रवासात त्या काढून गोधडीत गुंडाळून ठेवाव्यात. मुक्कामी मोकळ्या जागी बांबूवर लावाव्यात. हवामान खाते वारा दहा मीटर उंचीवर मोजते. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीला मोकळ्या शेतातही तो साधारण पाऊणपट भरतो. उभ्या उसाच्या आडोशाला तर त्याहून कमी. हा फरक ठाऊक असला म्हणजे दोन आकडे जुळले नाहीत तरी गोंधळ होत नाही.

विजेविषयी एक सावधगिरी सांगतो. साधे घरगुती यंत्र वीज पडणार हे सांगत नाही. त्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाईलचे साधन केले आहे; टोळीत एकाने तरी ते घ्यावे. मोबाईल नसेल तर लखलखाट ते गडगडाट यांमधले सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम थांबवावे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास फडात जाऊ नये. झाडाखाली उभे राहू नये. कोपी आणि उघडी ट्रॉली विजेपासून रक्षण करत नाहीत. पक्के घर, नाहीतर चहूबाजूंनी बंद लोखंडी टपाची गाडी, एवढेच आसरे खरे.

आता मी माझ्या मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. तो म्हणजे ऊन. नुसते तापमान पाहून उन्हाचा धोका कळत नाही. अंगाला घाम येतो, तो वाळतो, आणि वाळताना अंग निवते. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही. त्यात डोक्यावर ऊन आणि हातात कोयता. १९५०च्या दशकात अमेरिकेत नौसैनिकांच्या एका शिक्षणतळावर नवे जवान उन्हाने कोसळू लागले, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी यासाठी एक हिशेब बसवला. तीन तापमापक घ्यायचे. एकाच्या टोकाला ओली मलमल गुंडाळलेली, दुसरा काळ्या पोकळ गोळ्यात बसवून उन्हात ठेवलेला, तिसरा सावलीतला साधा. पहिल्याचे दहात सात भाग, दुसऱ्याचे दोन आणि तिसऱ्याचा एक, अशी बेरीज करायची. आज जगभर कामाच्या जागी उष्णता मोजताना हाच हिशेब मानतात. अंग उन्हाला सरावलेले असले तरी जड कामासाठी या आकड्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकात २६ अंश दिली आहे; मध्यम कामासाठी २८.

एक उदाहरण करून पाहू. मार्चची दुपार. ओला तापमापक २२, काळा गोळा ४७, सावलीतला ३८ धरा. बावीसचे सात भाग १५.४, सत्तेचाळीसचे दोन भाग ९.४, अडतीसचा एक भाग ३.८. बेरीज २८.६. दिवसभर वाकून ऊस तोडणे आणि मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवणे, हे मध्यम काम आहे असे कोण म्हणेल? मग मर्यादा ओलांडली गेली की नाही? मानक असे सांगत नाही की, या आकड्यावर माणूस तत्काळ पडतो. ते सांगते की, या आकड्याच्या पुढे विश्रांती, सावली आणि पाणी यांची व्यवस्था केल्यावाचून काम चालू ठेवू नये. जवानांच्या जिवासाठी जो हिशेब काढला, तो कोयत्याच्या जिवाला का लागू नये?

इथे कोणी म्हणेल, ‘‘अहो, ऊन झाले हे कळायला यंत्र कशाला? अंगाला कळतेच की!’’ अंगाला कळते, हे खरेच. पण अंगाला कळलेले मुकादमाला पटवता येत नाही आणि कारखान्याच्या शेतकी विभागात दाखवता येत नाही. ‘फार ऊन होते’ या वाक्याला उत्तर ‘रोजच असते’ असे मिळते. ‘अमुक तारखेला दुपारी एक वाजता आकडा २८.६ होता आणि त्या आठवड्यात पाच दिवस तो सव्वीसच्या वर राहिला’ या वाक्याला असे उत्तर देता येत नाही. संघटनेच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर मी एक गोष्ट शिकलो: गाऱ्हाणे ऐकून घेतात, नोंदवही मात्र वाचावी लागते.

म्हणून यंत्राइतकीच वही महत्त्वाची. तारीख, गाव, गट नंबर; सकाळी साडेआठचा पाऊस; पहाटेचे कोपीतले तापमान; दुपारी एकचे बाहेरचे तीन आकडे; काम किती तास झाले, किती बुडाले आणि का. एवढे रकाने पुरेत. हे काम टोळीतल्या एखाद्या दहावी शिकलेल्या सुनेकडे द्यावे आणि तिला त्याचा मोबदला टोळीने द्यावा. फुकटचे आणखी एक काम तिच्या माथी मारू नये. दर आठवड्याला पानावर मुकादमाची सही घ्यावी. तो सही देत नसेल तर ‘सही दिली नाही’ एवढे लिहून पान उलटावे. अशा पन्नास वह्या एका हंगामात जमल्या, तर पुढच्या करारात उन्हाची सुट्टी आणि पावसाने बुडालेल्या दिवसाचा भत्ता ही मागणी आकड्यांच्या पायावर उभी राहील.

शेवटी गावकऱ्यांना विनंती. तुमच्यापैकी पुष्कळ जण ऊस तोडायला जात नाहीत. पण टोळ्या इथून निघतात, आणि निघण्यापूर्वीच्या आठ दिवसांत तुम्ही बरेच काही करू शकता. विज्ञानाच्या शिक्षकांनी तापमापक तपासून द्यावेत. बारीक कुटलेल्या बर्फाच्या काल्यात जलाभेद्य तापमापकाचे टोक बुडवले की शून्य दिसले पाहिजे. उकळत्या पाण्यावर मात्र विसंबू नये, कारण आपल्या उंचीवर पाणी शंभरच्या आधीच उकळते. बाकीचे तापमापक त्या तपासलेल्या तापमापकाशेजारी सावलीत रात्रभर ठेवावेत आणि जो फरक पडेल तो त्यांच्या पाठीवर लिहून द्यावा. सुतारांनी बांबूला बशा बसवून द्याव्यात. व्यापारी मंडळींनी टोळीमागे एक वही द्यावी. ग्रंथालयाने परत आलेल्या वह्या जपून ठेवाव्यात. आपल्या तालुक्यातील माणसे परमुलखात कोणत्या उन्हात राबली, याचा तो इतिहास होईल.

महसूल मंडळाचे यंत्र नेकनूरच्या जमिनीवर उभे आहे आणि ते तिथेच राहील. माणसे मात्र निम्मे वर्ष तिथे नसतात. ज्याचे घर फिरते त्याचे हवामान त्याच्याबरोबर फिरून मोजले पाहिजे, एवढेच मला सांगायचे होते.